मय्यतीचं कर्ज : एका रॉक बँडच्या मागे चाललेली माणसं

१५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसैन सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अल्लाहला प्यारे झाले. त्या आठवड्यात त्यांच्याविषयी मिळेल ते मी वाचत होतो. माहीममध्ये वाढलेला हा मुलगा जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांत जाऊन वाजवून आला, याचा हिशोब लावता लावता एका अमेरिकी रॉक बँडचं नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं. ग्रेटफुल डेड. नाव ऐकून होतो, पण कवटीची चित्रं आणि नशा याखेरीज त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

या बँडचा एक ड्रमवादक मिकी हार्ट. १९६७ साली त्याची भेट उस्ताद अल्लारखा यांच्याशी झाली आणि तालाकडे बघण्याची त्याची नजरच बदलली. पुढे त्याची दोस्ती उस्तादांच्या मुलाशी जमली. उस्ताद अली अकबर खाँ यांच्या कॅलिफोर्नियातल्या संगीत विद्यालयाच्या आसपास जमलेल्या तालवादकांना घेऊन हार्ट आणि झाकीरभाईंनी १९७६ साली 'डिगा ऱ्हिदम बँड' या नावाने अल्बम काढला. १९९१ साली त्यांनी 'प्लॅनेट ड्रम' केला आणि त्याला जागतिक संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी मिळालं. घटमवादक विक्कू विनायकरामही त्यात होते.

मी शोधत होतो झाकीरभाईंना. वाट चुकून पोहोचलो त्या लोकांपर्यंत, जे तीस वर्षं एका बँडच्या मागे गावोगाव फिरले. त्यांना 'डेडहेड' म्हणतात.

नावातली गोष्ट

१९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात हा बँड जमला. जेरी गार्सिया, बॉब वीअर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन आणि 'पिगपेन' म्हणून ओळखला जाणारा रॉन मकर्नन. आधीचं नाव होतं 'वॉरलॉक्स'. ते बदलायचं ठरलं तेव्हा गार्सियाने एक शब्दकोश उघडला आणि त्याची नजर 'ग्रेटफुल डेड' या शब्दांवर पडली. कृतज्ञ मृतात्मा.

हा लोककथांचा एक जुना साचा आहे. एक वाटसरू कुठल्याशा गावात पोहोचतो. तिथे एक प्रेत दफनाविना पडलेलं असतं, कारण मेलेल्या माणसावर कर्ज असतं आणि देणेकरी त्याला मातीत जाऊ देत नाहीत. वाटसरू खिशातले शेवटचे पैसे देऊन ते कर्ज फेडतो, दफन करतो आणि पुढे निघतो. वाटेत त्याला एक अनोळखी सोबती भेटतो, संकटातून सोडवतो. शेवटी कळतं, की हा तोच मेलेला माणूस.

हे वाचलं आणि मी क्षणभर थांबलो. ही गोष्ट आपल्याला परकी कशी वाटेल? सहीह बुखारीतली हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. जनाजा समोर आला, की पैगंबर (स.) विचारत, याच्यावर काही कर्ज आहे का? एकदा उत्तर आलं, आहे. तेव्हा ते म्हणाले, तुम्हीच तुमच्या साथीदाराची नमाज पढा. मग अबू कतादा यांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं, त्यानंतरच पैगंबरांनी नमाज पढवली. आजही आपल्याकडे जनाजा उचलण्यापूर्वी घरचा माणूस पुढे येऊन सांगतो, मय्यतीचं कुणाला देणं असेल तर आम्हाला सांगा.

माझ्या मामूंच्या जनाजाला ते मी सांगितलं होतं. मामू बेकरीत कामाला होते आणि कव्वालीचे वेडे होते. माहीमचा डिसेंबरातला मेळा, हाजी मलंगचा उरूस, कधी मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यावर. जिथे आवडता कव्वाल, तिथे मामू. सोबत एक टेपरेकॉर्डर आणि पिशवीत कोऱ्या कॅसेट. घरात त्यांची थट्टा व्हायची. दफन झाल्यावर एक म्हातारा दुकानदार संकोचत पुढे आला. कोऱ्या कॅसेटचे ३४० रुपये राहिले होते. आम्ही तिथेच दिले. मामूंच्या आयुष्यभराच्या नादाचं उरलेलं कर्ज एवढंच होतं.

म्हणून डेडहेडांची गोष्ट मला दुरून बघता आली नाही.

मागे का चालायचं?

साधा प्रश्न आहे. एकदा गाणं ऐकलं, पुन्हा दुसऱ्या गावी तेच ऐकायला कशाला जायचं?

उत्तरही साधं आहे. ते तेच नसायचं. बहुतेक रॉक बँड दौऱ्याआधी गाण्यांची यादी पक्की करतात आणि प्रत्येक शहरात तीच वाजवतात. ग्रेटफुल डेड रोज वेगळं वाजवत. एकच गाणं आज सात मिनिटांचं, तर पुढच्या आठवड्यात वीस मिनिटांचं. एका गाण्यातून दुसऱ्यात कधी शिरतील याचा नेम नसे. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात हार्ट आणि क्रॉइट्झमन यांचा निव्वळ तालवादनाचा भाग असे, बाकीचे मंच सोडून जात. अकरा मात्रांत बांधलेलं त्यांचं एक गाणं आहे आणि त्याचं नावच 'द इलेव्हन'. ज्याने मैफल ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तोच राग, तोच गवय्या, पण कालची रात्र आजच्या रात्रीत नसते. तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले.

१९७१ च्या अल्बमच्या वेष्टनावर बँडने चाहत्यांना आवाहन छापलं होतं : तुम्ही कोण आहात, कुठे आहात, आम्हाला कळवा. पत्ते जमत गेले आणि त्यांना टपालाने बातमीपत्रं जाऊ लागली. १९८३ पासून बँडने स्वतःच टपालाने तिकिटं विकायला सुरुवात केली. मनीऑर्डर पाठवायची, सोबत ठरलेल्या मापाचं कार्ड आणि परतीचा लिफाफा. कित्येकांनी ते लिफाफे रंगांनी, नक्षीने सजवून पाठवले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की जुन्या व्हॅन निघत. एका शहरातला कार्यक्रम संपला, की रातोरात पुढचं शहर. स्टेडियमच्या वाहनतळावर दुपारपासून बाजार भरे. कुणी तव्यावर चीजचं सँडविच भाजून विकतोय, कुणी रंगीत बांधणीचे शर्ट. त्यातून मिळालेल्या पैशात पुढच्या गावाचं पेट्रोल. बँडच्याच १९७८ च्या एका अल्बमवरून या बाजाराला 'शेकडाउन स्ट्रीट' म्हणत. ज्याच्याकडे तिकीट नाही तो एक बोट वर करून उभा राहायचा. म्हणजे, एक चमत्कार हवाय. आणि कुणीतरी अनोळखी माणूस हातावर तिकीट ठेवून निघून जायचा.

माहीमच्या मेळ्यात वाढलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. मराठी माणसाला वारीही आठवेल. पण वारीला पंढरी आहे, उरुसाला मजार आहे. डेडहेडांची पंढरी रोज जागा बदलायची. त्यांना पोहोचायचं कुठेच नव्हतं, नुसतं सोबत असायचं होतं. हे त्यांचं बळ होतं आणि पुढे तोच त्यांचा कच्चा दुवाही ठरला.

कॅसेटची सनद

मामूंच्या पेटीत सत्तरेक कॅसेट निघाल्या. प्रत्येकीवर त्यांच्या वळणदार उर्दूत तारीख, जागा आणि कव्वालाचं नाव. काहींवर लिहिलं होतं, अमक्याच्या कॅसेटवरून उतरवली.

डेडहेड हेच करत होते. मोठे बँड चोरून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना बाहेर काढत, तेव्हा ग्रेटफुल डेडने ऑक्टोबर १९८४ पासून त्यांना सभागृहात स्वतंत्र जागा दिली. अट एकच : विकायचं नाही. कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवा, तुम्हाला प्रत मिळेल. प्रत्येक कॅसेटवर नोंद असे. तारीख कोणती, मायक्रोफोन कुठला, ध्वनियंत्रावरून थेट घेतलंय की श्रोत्यांतून, आणि मूळ प्रतीपासून ही कितवी पिढी आहे. मधले दुवे जितके कमी, तितकी प्रत विश्वासाची. हदीसच्या सनदेशी याची बरोबरी करणं बेअदबी ठरेल, ती मी करत नाही. पण कुणाकडून ऐकलं, त्याने कुणाकडून ऐकलं, हे विचारण्याची माणसाची गरज किती खोल आहे, हे यातून दिसतं.

या बँडच्या ध्वनिमुद्रणातलं सर्वांत नावाजलेलं काम एका बाईचं आहे, बेटी कँटर-जॅक्सन. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला कार्यक्रम त्यांनी टिपला. पुढे दिवस फिरले. सामान ठेवलेल्या गाळ्याचं भाडं थकलं आणि १९८६ साली त्यांच्या टेपांचा लिलाव झाला. घेणाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या, त्यांच्या प्रती हातोहात पसरल्या. भाडं थकल्याने गेलेली ती रात्र आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

गिझाचे तीन दिवस

या बँडचा १९७५ चा अल्बम आहे 'ब्लूज फॉर अल्लाह'. नाव वाचून मी आधी बिचकलो. आपल्या पवित्र नावांचा बाजारात कसा वापर होतो, हे आपण पाहिलेलं असतं. पण मागचं कारण वेगळं निघालं. २५ मार्च १९७५ रोजी सौदी अरेबियाचे बादशाह फैसल यांची त्यांच्याच पुतण्याने हत्या केली. बँडचा गीतकार रॉबर्ट हंटर याने त्यांच्या स्मरणार्थ ते शीर्षकगीत लिहिलं. जेमतेम दीड वर्षापूर्वी, १९७३ च्या तेलबंदीमुळे अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या आणि फैसल हे नाव तिथे रागाने घेतलं जात होतं. अशा वेळी कॅलिफोर्नियातला एक रॉक बँड त्यांच्यासाठी शोक करतो, ही गोष्ट लहान नाही.

तीन वर्षांनी, १४ ते १६ सप्टेंबर १९७८, हा बँड गिझाच्या पिरॅमिडांपाशी वाजवायला गेला. मागोमाग अमेरिकेतून चाहतेही पोहोचले. उत्पन्न इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याला आणि जेहान सादात यांच्याशी संबंधित धर्मादाय संस्थेला द्यायचं ठरलं होतं. क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं होतं, तो एका हाताने वाजवत होता. बड्या पिरॅमिडच्या आतल्या दालनाचा घुमारा गाण्यात आणायचा म्हणून तिथवर तारा ओढल्या, पण ते काही जमलं नाही. शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत कॅम्प डेव्हिड करारावर सह्या झाल्या.

मला त्यातला सर्वांत मोलाचा माणूस वाटतो हमजा अल-दीन. न्युबियाच्या तोश्का गावात जन्मलेला ऊदवादक. आस्वानच्या मोठ्या धरणाने त्याचा सगळा मुलूख पाण्याखाली गेला. गाव बुडालं, ते त्याने गाण्यात वाचवलं. गिझाला तो न्युबियन गायकांना घेऊन मंचावर आला. हातांच्या टाळ्या, डफ आणि सामूहिक स्वर. त्या टाळ्यांच्या ठेक्यावर बँडचे लोक एकेक करून मंचावर येत गेले, गिटारी त्यात मिसळल्या आणि न्युबियन गाणं कुठे संपलं ते कळू न देता रॉक सुरू झालं. कोयनेचं, उजनीचं पाणी ज्यांच्या घरांवरून गेलं, त्यांना हमजाचा तो सूर वेगळा समजावा लागणार नाही.

समाच्या तीन अटी

संगीत हलाल की हराम, हा वाद आपल्याकडे हजार वर्षं जुना आहे आणि तो मी इथे सोडवणार नाही. निजामुद्दीन औलियांनाही गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात समाबद्दल जाब द्यावा लागला होता. त्यांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले आणि खुलताबादेत विसावले. समामध्ये डोलण्याची त्यांची अशी खास रीत होती, की तिला त्यांच्याच नावाने ओळखत. पण समा मानणाऱ्यांनीही त्याला मोकळं रान दिलं नव्हतं. जुनैद बगदादींचं म्हणणं इमाम गजालींनी नोंदवलं आहे : समाला तीन गोष्टी लागतात. योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती.

डेडहेडांमध्येही गिरक्या घेणारा एक पंथ होता. लांब घेरदार कपडे घालून ते कार्यक्रमभर दर्वेशांसारखे फिरत. त्यांना लोक 'स्पिनर' म्हणत. नशेपासून दूर राहू पाहणाऱ्यांचाही एक गट होता, 'व्हार्फ रॅट्स'. मध्यंतरात ते पिवळे फुगे उंच धरून एकत्र बसत आणि आजचा दिवस कोरडा काढायला एकमेकांना धीर देत. हजारोंच्या नशेत तो पिवळा फुगा धरायला किती हिंमत लागत असेल!

कारण नशा होती, आणि भरपूर होती. ती लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. पण शिक्षा कशी झाली, तेही सांगायला हवं. १९८६ च्या कायद्याने अमली पदार्थाच्या वजनावर किमान तुरुंगवास ठरवला. एलएसडी कागदात भिजवून विकतात. मग वजन कशाचं मोजायचं? १९९१ साली चॅपमन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, कागदासकट. त्या खटल्यातल्या १,००० मात्रांमध्ये शुद्ध पदार्थ होता सुमारे ५० मिलिग्रॅम, आणि कागदासकट वजन भरलं ५.७ ग्रॅम. पाच वर्षांच्या किमान शिक्षेसाठी एक ग्रॅमपेक्षा जास्त वजन पुरेसं होतं. म्हणजे शिक्षा कागदाला झाली आणि भोगली माणसाने. वाहनतळावर पकडलेली कितीतरी तरुण पोरं अशी वर्षानुवर्षं आत गेली. गाडीवरचं कवटीचं स्टिकर बघून पोलिस गाडी अडवतात, अशी डेडहेडांची तक्रार असायची. पेहरावावरून संशय येणं काय असतं, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

१९९५ चा उन्हाळा

१९८७ साली 'टच ऑफ ग्रे' हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय यादीत नवव्या क्रमांकावर पोहोचलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच या बँडचं गाणं पहिल्या दहांत आलं आणि गर्दीचं रूपच पालटलं. जुने लोक गाणं ऐकायला येत. नवे अनेकजण वाहनतळावरच्या जत्रेला येऊ लागले. त्यांना आत काय वाजतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं.

१९९५ च्या उन्हाळी दौऱ्यात हे सगळं फुटलं. १५ जूनला व्हरमाँटमधल्या हायगेटला हजारो लोक तिकिटाविना कुंपण मोडून आत शिरले. २५ जूनला वॉशिंग्टनच्या कार्यक्रमावेळी वीज पडून तीन चाहते जखमी झाले. २ जुलैला इंडियानातल्या डीअर क्रीक इथे गार्सियाला ठार मारण्याची धमकी आली होती. म्हणून प्रेक्षागाराचे दिवे चालू ठेवून कार्यक्रम सुरू झाला. तेवढ्यात बाहेरच्या हजारोंनी मागचं कुंपण पाडलं. आतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, हात देऊन त्यांना आत ओढलं. पोलिसांवर दगड-बाटल्या आल्या. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. बँडने पत्रक काढून चाहत्यांना बजावलं, की तिकीट नसेल तर येऊ नका, हे असंच चाललं तर दौरेच बंद पडतील. ५ जुलैला सेंट लुइसजवळ डेडहेड उतरले होते त्या तळावर पावसापासून आडोसा घेतलेल्यांवर छत कोसळलं आणि शंभराहून अधिक जण जखमी झाले.

वेळ होती, जागा होती. सोबती उरले नव्हते.

९ जुलै १९९५, शिकागोचं सोल्जर फील्ड. शेवटचं गाणं 'बॉक्स ऑफ रेन'. फिल लेशने त्याची चाल आपल्या मरणासन्न वडिलांसाठी बांधली होती. बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, व्यसनमुक्ती केंद्रात गार्सियाचा हृदय बंद पडून मृत्यू झाला. वय ५३. वर्षाच्या अखेरीस बँडने ते नाव थांबवलं.

ज्या माणसाच्या मागे एवढी दुनिया चालली, तो स्वतः थकला होता, आजारी होता आणि थांबू शकत नव्हता. त्याच्या दौऱ्यांवर अनेकांची पोटं चालत होती. कुंपण मोडणाऱ्यांना वाटत होतं, गाणं फुकट असायला हवं. पण फुकट काहीच नसतं, कुणीतरी त्याची किंमत देत असतं.

देणं

गार्सियाच्या राखेचा काही भाग एप्रिल १९९६ मध्ये बॉब वीअर आणि गार्सियाची पत्नी यांनी ऋषीकेशला गंगेत सोडला. त्याचा जन्म १ ऑगस्टचा, मृत्यू ९ ऑगस्टचा. हे मधले नऊ दिवस डेडहेड आजही पाळतात. जुन्या टेप लावतात, एकत्र बसतात. कुणी शिकवलं नाही, तरी त्यांनी आपला उरूस शोधून काढला.

मामूंच्या कॅसेट मी हल्ली संगणकावर उतरवतोय. काहींना बुरशी लागली आहे. एका कॅसेटमध्ये कव्वालीच्या मध्येच मामूंचा खोकला ऐकू येतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, भाई, जरा सरकून घ्या, म्हातारबाबांना बसू द्या. मग सरकल्याचा आवाज, आणि टाळी पुन्हा सुरू.

त्या माणसाचं नाव मला कधी कळणार नाही. पण मैफल ज्याच्यामुळे टिकते, तो हाच. दुकानदाराचे ३४० रुपये आम्ही देऊन टाकले. या सरकून जागा करून देणाऱ्याचं देणं मात्र अजून आमच्याकडे बाकी आहे.